प्रेशरचा काटा सावकाश हेलकावतो आणि दुरुस्तीनंतरही पुन्हा सुरू होतो: कारण कसं शोधायचं

मोटार सुरू होऊन अर्धा तास झाला आहे. लाइन भरली, शेवटच्या सबमेनपर्यंत पाणी पोचलं, ठिबकचे व्हॉल्व्ह उघडे आहेत, आणि तरी फिल्टरजवळच्या गेजचा काटा जागेवर राहत नाही. २.४ किलोवरून (किलो प्रति चौरस सेंटिमीटर) २.६ वर जातो, तिथे घुटमळतो, पुन्हा खाली येतो. फ्लोमीटर असेल तर त्याचा आकडाही सोबत वरखाली. गाडलेली लाइन नाल्याजवळ उघडी पडते तिथे हात ठेवला तर मंद थरथर हाताला लागते.

खानदेशात हे दुखणं मार्च-एप्रिलपासून डोकं वर काढतं. तापीची पातळी उतरते, केळीची तहान वाढते, मोटारी जास्त तास चालतात. गेज बदललं जातं, एअर व्हॉल्व्ह धुतला जातो, चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. मग कोणीतरी सांगतं, ‘टर्ब्युलन्स आहे, पाणी आतल्या आत घुसळतंय, एवढं चालायचंच,’ आणि मीटरचं डॅम्पिंग, म्हणजे आकडा संथ करणारी सरासरी, वाढवून देतं. काटा शांत होतो. लाइनमधलं कारण मात्र तसंच राहतं, आणि एखाद्या दिवशी जोड निखळतो नाहीतर पंपाचं बेअरिंग जातं.

माझं म्हणणं एवढंच, की डॅम्पिंगला हात लावण्याआधी हेलकाव्याचा काळ आणि हेलकाव्याची उंची या दोन गोष्टी मोजा. मोबाइलचं स्टॉपवॉच आणि वही पुरते. या दोन आकड्यांवरून अर्धी कारणं जागच्या जागी बाद होतात.

काळ मोजताना एकाच हेलकाव्यावर भरवसा ठेवू नका. काटा वरच्या टोकाला आला की घड्याळ सुरू करा, तिथून पुढे दहा वेळा वर येऊ द्या आणि एकूण वेळेला दहाने भागा. हेलकावे सारख्या अंतराने येतात की कसेही, हेही लिहून ठेवा. नेमाने येणारा हेलकावा आणि ताळतंत्र नसलेली भटकंती यांची कारणं वेगळी असतात.

टर्ब्युलन्सवर किती दोष टाकता येतो

उदाहरणाला २५० मिमीची पीव्हीसी लाइन घेऊ. आतला व्यास २३५ मिमी, पाण्याचा वेग सेकंदाला १.३ मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ५६ लिटर पाणी. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवून दिलं, की वेग, व्यास आणि पाण्याची चिकटाई यांच्या एका गुणोत्तरावर प्रवाह शांत राहणार की घुसळणार हे ठरतं. हा रेनॉल्ड्स अंक २००० च्या आत असला तर नळीतला प्रवाह शांत, ४००० च्या वर गेला तर प्रत्यक्षात घुसळलेलाच. आपल्या लाइनमध्ये तो येतो सुमारे ३,८०,०००. म्हणजे टर्ब्युलन्स आहेच, मोटार चालू असेपर्यंत सतत आहे.

पण त्याच्यात काटा हलवण्याची ताकद किती? सरळ नळीच्या भिंतीवर टर्ब्युलन्समुळे होणारे दाबाचे चढउतार हे भिंतीवरच्या घर्षणाच्या ताणाच्या काही पट असतात. आपल्या लाइनमध्ये हा ताण येतो सुमारे ३ पास्कल. त्याची तिप्पट धरली तरी ९ पास्कल, म्हणजे पाण्याची जेमतेम एक मिलिमीटर उंची. काटा हलतोय ०.२ किलोने, म्हणजे पाण्याच्या दोन मीटर उंचीने. दोन हजार पटींचा फरक आहे. सरळ लाइनवरच्या साध्या गेजचा काटा टर्ब्युलन्समुळे हलतो, हे म्हणणं इथेच संपतं.

आता काळ बघू. घुसळलेल्या प्रवाहात लहानमोठे भोवरे असतात. मोठ्यांतली ऊर्जा लहानांकडे, त्यांच्याकडून आणखी लहानांकडे जाते आणि शेवटी चिकटाईत जिरते. या उतरंडीचा हिशोब रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी १९४१ मध्ये मांडला. मोठे भोवरे सावकाश, लहान भोवरे चपळ. म्हणून प्रवाहातला संथ, कमी वारंवारितेचा गोंधळ सगळा मोठ्या भोवऱ्यांकडून येतो. आणि नळीत भोवरा किती मोठा होईल याला नळीच मर्यादा घालते. रुंदीला व्यासाएवढा, आणि लांबीला? किम आणि एड्रियन या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं की नळीच्या त्रिज्येच्या १२ ते १४ पट लांबीच्या हालचाली प्रवाहात असतात. आपल्या लाइनमध्ये १४ त्रिज्या म्हणजे १.६५ मीटर. सेकंदाला १.३ मीटर वेगाने एवढी लांबी गेजसमोरून जायला सव्वा सेकंद लागतो. हात सैल सोडून तिप्पट धरा, चार सेकंद. त्याहून संथ हेलकाव्याला नळीतल्या टर्ब्युलन्सकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. कोणत्या वारंवारितेला किती हालचाल आहे याचा आलेख काढला, तर ढोबळमानाने त्या खालच्या वारंवारितांवर टर्ब्युलन्सचा आलेख सपाट होतो. तुमच्या नोंदीचा आलेख तिथेही चढतच असेल तर कारण बाहेरचं आहे: हवा, पातळी, कंट्रोलर, व्हॉल्व्ह, तापमान किंवा खुद्द मीटरचं इलेक्ट्रॉनिक्स.

हाच हिशोब तुमच्या लाइनसाठी करा. त्रिज्या गुणिले १४, भागिले वेग. आलेला आकडा वहीत वरच लिहून ठेवा, पुढे सारखा लागेल.

हेलकावा पाण्यातला की मीटरमधला

लाइन खोदायच्या आधी ही खात्री करायलाच हवी. गेज किंवा सेन्सरखाली थ्री-वे कॉक असेल तर लाइनकडची बाजू बंद करून सेन्सर हवेला मोकळा करा, मोटार चालूच राहू द्या. आकडा शून्यावर शांत बसला तर हेलकावा पाण्यात आहे. शून्यावरही तेवढाच हलला तर पाण्याचा काही दोष नाही. अर्थिंग, केबलची शील्ड आणि स्टार्टरजवळून नेलेली सिग्नल वायर तपासा.

डेटालॉगर (ठरावीक वेळाने आकडे आपोआप नोंदवणारं यंत्र) असेल तर एक फसवणूक नेहमी होते. चार पोलची मोटार मिनिटाला १४५२ फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला २४.२. पंपाची ही थरथर दाबात थोडी उतरतेच. लॉगर सेकंदाला एकच नोंद घेत असेल तर दोन नोंदींच्या मधे पंपाचे २४ पूर्ण फेरे आणि वर ०.२ फेरा होतो. लॉगरला फक्त वरचा ०.२ दिसतो आणि आलेखावर ५ सेकंदांचा सुंदर, नेमका हेलकावा उमटतो, जो पाण्यात अस्तित्वातच नाही. पारख अगदी सोपी आहे. नोंदीचं अंतर १ सेकंदावरून ७०० मिलिसेकंदांवर आणा. हेलकावा खोटा असेल तर त्याचा काळ बदलेल. वरच्या उदाहरणात तो ५ सेकंदांवरून पावणेबारा सेकंदांच्या आसपास जातो. खरा हेलकावा लॉगर कितीही वेळा बघो, आपला काळ सोडत नाही. विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण केबलमध्ये शिरली असेल तर तीही अशीच वेष पालटून येते, पण १ सेकंदात तिची ५० आणि ७०० मिलिसेकंदांत नेमकी ३५ आवर्तनं होतात आणि खोटा काळ बदलत नाही, म्हणून तिच्या पारखीसाठी अंतर ७३० मिलिसेकंदांसारखं घ्या.

व्हीएफडी (मोटारीचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर) बसवलेला असेल तर तो ऑटोवरून मॅन्युअलवर घ्या आणि वेग एका आकड्यावर बांधून ठेवा. हेलकावा थांबला तर शोध संपला. लांब लाइनमध्ये पंपाने केलेला बदल गेजपर्यंत पोचून परत यायला वेळ लागतो आणि घाईचा कंट्रोलर तेवढ्यात उलट बदल करून बसतो. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये गेन (प्रतिक्रियेचा जोर) कमी करा, इंटिग्रल टाइम (फरक भरून काढायला दिलेला वेळ) वाढवा. बसवणाऱ्याने कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर तसंच सोडून दिलेलं खूप ठिकाणी दिसतं.

सँड फिल्टरचा ऑटो बॅकवॉश (उलट्या पाण्याने आपोआप होणारी धुलाई) दर काही मिनिटांनी दाब पाडतो. त्याचं वेळापत्रक आणि हेलकाव्याचा काळ जुळतो का, ते बघून पुढे चला.

आणि ऊन. दुपारी ४४-४५ अंशांत उघड्यावर टांगलेला प्रेशर सेन्सर सकाळच्या मानाने सरकलेला आकडा दाखवतो, तो दिवसभराचा संथ कल असतो. सेन्सरला पत्र्याची सावली करा आणि सकाळ-दुपार हवेला मोकळा करून शून्य तपासा.

हवा: सगळ्यात जास्त वेळा हीच

हेलकावा खरा आहे, काळ ४ ते १५ सेकंदांत आहे आणि बऱ्यापैकी नेमाने येतोय, तर माझा पहिला संशय लाइनमध्ये अडकलेल्या हवेवर जातो.

लाइनमध्ये जिथे उंचवटा असतो तिथे हवा साठते. तिच्या एका अंगाला शेकडो मीटर लांबीचं, कित्येक टन वजनाचं पाणी असतं. हवा दबते, पाणी पुढे सरकतं, हवा पाण्याला मागे ढकलते, पाणी थांबतं, पुन्हा पुढे. याचा काळ हवेच्या घनफळावर, पाण्याच्या लांबीवर आणि दाबावर ठरतो. आपल्याच लाइनमध्ये गेजवर २ किलो दाब, पाण्याची लांबी ५०० मीटर आणि अडकलेली हवा ५० लिटर असेल तर काळ येतो आठेक सेकंद. हवा चौपट झाली तर काळ दुप्पट होतो, कारण काळ घनफळाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. या एका गोष्टीने निदान फार सोपं होतं: लाइन तीच, वेग तोच, आणि हेलकाव्याचा काळ दिवसागणिक वाढत असेल, तर हवा साठत चालली आहे. दुसरं कोणतंही कारण असं वागत नाही.

चोपडा तालुक्यातली तापीकाठची एक लाइन याचा धडा आहे. ऑपरेटरचा फोन यायचा, “भाऊ, काटा परत नाची ऱ्हायना,” म्हणजे पुन्हा नाचतोय. त्याला गेजजवळ वही ठेवून रोज सकाळी काळ लिहायला सांगितलं होतं. मोटार आणि व्हॉल्व्हची स्थिती रोज सारखी. सुरुवातीला काळ पाच सेकंद होता, आठवडा उलटेपर्यंत नऊवर गेला. नऊचा वर्ग ८१, पाचचा २५, म्हणजे हवा तिपटीहून जास्त झाली. लाइन नाला ओलांडून बांधावर चढते तिथला एअर व्हॉल्व्ह खोलला तर आतला गोळा गाळाने जागेवर चिकटलेला होता. गोळा सोडवताच आधी कोरडी हवा सुसाटत निघाली, मग दुधासारखं पांढरं पाणी थुंकत आलं, मग पांढरेपणा विरळ होत गेला आणि स्वच्छ धार लागली. तिकडे गेजवर दुसरा माणूस काळ मोजत उभा होता. नऊ, सात, पाच, आणि मग मोजण्यासारखं काही उरलंच नाही. मला हे दृश्य फार मोलाचं वाटतं, कारण हवा निघताना हेलकावा आधी चपळ होतो आणि मग संपतो. कागदावरचा हिशोब तिथे काट्यावर उतरलेला दिसतो.

पण एअर व्हॉल्व्ह धुतला म्हणजे दुखणं गेलं असं नाही. दुखणं परत येतं ते इथेच. हवा बाहेर काढली, ती आत कुठून आली हे कोणी विचारलं नाही.

हवा शिरण्याच्या जागा मोजक्याच आहेत. सक्शन पाइपचे फ्लँज, पंपाची ग्लँड (शाफ्टभोवतीचं पॅकिंग), फूटव्हॉल्व्हवरचा जोड आणि जॅकवेलमधला (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीतला) भोवरा. सक्शनच्या बाजूला दाब हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे तिथून पाणी गळत नाही, उलट हवा ओढली जाते. बाहेरून जोड कोरडाठाक आणि निर्दोष दिसतो, आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षं सापडत नाही. एकेका जोडावर ग्रीसचा जाड थर फासा किंवा पाणी ओतत राहा. ज्या जोडावर पंपाच्या आवाजात फरक पडेल, तिथलं पॅकिंग बदला. ग्लँडमधून पाण्याचे थेंब पडायलाच हवेत. गळती नको म्हणून ग्लँड आवळून कोरडी केली तर हवा तिथूनच आत जाते.

हवा लहान बुडबुड्यांनी पाण्यात मिसळली असेल तर आणखी एक गोष्ट घडते. दाबाची लाट पोलादी लाइनमध्ये सेकंदाला हजार मीटरच्या वर धावते, पीव्हीसीत तीन-चारशे. नुसती एक टक्का हवा मिसळली की हा वेग शे-दोनशेवर कोसळतो. लाइनचा स्वतःचा एक काळ असतो: लाट टोकाला जाऊन परत यायला लागणारा वेळ, आणि एक टोक बंद, दुसरं टाकीत उघडं असेल तर त्याची दुप्पट. १,२०० मीटरच्या पीव्हीसी लाइनला ४०० मीटर वेगाने हा दुप्पट काळ १२ सेकंद येतो. हवा मिसळली की तोच काळ लांबतो. त्यामुळे १२ सेकंद अपेक्षित असताना २० दिसले, तरीही संशय हवेवरच घ्या.

जॅकवेल आणि उतरलेली पातळी

उन्हाळ्यातली ही खास खानदेशी अडचण आहे. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजांच्या फुगवट्यावर ज्यांच्या जॅकवेल आहेत त्यांना पातळी उतरल्यावर काय होतं हे सांगायला नको. सक्शनच्या तोंडावर पाणी कमी पडलं की पृष्ठभागावर भोवरा धरतो. आधी नुसती खळी दिसते, मग पालापाचोळा गोल फिरत आत ओढला जातो, मग भोवऱ्याचं शेपूट थेट तोंडापर्यंत पोचतं आणि पंप घुर्र करून हवा गिळतो. भोवरा तुटतो, पुन्हा जुळतो. याला नेमका काळ नसतो. काटा कधी दहा सेकंदांनी पडतो, कधी चाळीस. नेम नसलेला, अचानक खाली जाणारा आणि हळूहळू वर येणारा हेलकावा दिसला तर फिल्टरजवळ वेळ घालवू नका, जॅकवेलवर जाऊन खाली वाकून बघा.

तोंडावर किती पाणी हवं याचा पंपवाल्यांचा नेहमीचा हिशोब असा: बेलमाउथचा (सक्शनच्या पसरट तोंडाचा) व्यास गुणिले, एक अधिक फ्रूड अंकाच्या २.३ पट; फ्रूड अंक म्हणजे तोंडावरचा वेग भागिले, गुरुत्व त्वरण गुणिले व्यास यांचं वर्गमूळ. सेकंदाला ५६ लिटर ओढणाऱ्या ३०० मिमीच्या बेलमाउथला तो सुमारे ६२ सेंटिमीटर येतो. हे किमान आहे. पातळी त्याखाली गेली असेल तर बेलमाउथ खाली उतरवा किंवा मोठा बसवा, म्हणजे तोंडावरचा वेग कमी होतो. दोन्ही जमत नसेल तर हंगाम निघेपर्यंत सक्शनच्या वर लाकडी फळ्यांचा तरंगता तराफा सोडा. भोवऱ्याला पृष्ठभागावर गोल फिरायला जागा मिळत नाही. डिलिव्हरी थोडी आवळून चालवली तरी भोवरा मोडतो, पाणी कमी मिळतं एवढंच.

मोटार सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं दीड मिनिटाच्या आसपासचा हेलकावा येऊन आपोआप विरत असेल, तर तो नदी आणि जॅकवेल यांच्यातल्या पाण्याचा आहे. नदीपासून ४० मीटर लांबीचा ६०० मिमीचा इनटेक पाइप आणि ४ मीटर व्यासाची विहीर असेल तर हिशोबाने ८५ सेकंद येतात. याने काही बिघडत नाही. मोटार घाईघाईने बंद-चालू करून तो पुन्हा पुन्हा उठवू मात्र नका.

अर्धवट व्हॉल्व्ह, बेंड आणि अर्ध्या पाण्यावर चालणारा पंप

टर्ब्युलन्सचा खरा हात इथे असतो. बटरफ्लाय व्हॉल्व्ह अर्धवट बंद असेल तर फटीतून पाणी सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने सुटतं. वेग चौपट झाला की गतीमुळे येणारा दाब सोळापट होतो. सरळ नळीत तो पाण्याच्या जेमतेम आठ-नऊ सेंटिमीटर उंचीएवढा भरतो, फटीच्या मागे मात्र सव्वा मीटरच्या पुढे जातो, आणि तिथे सुटलेले भोवरे गेजला सहज दिसतात. गेज व्हॉल्व्हच्या लगेच पुढे असेल तर ते दहा-पंधरा व्यास पुढे न्या. पाणी कमी करायला बटरफ्लाय अर्धा मिटून ठेवण्याची सवय सोडलेली बरी. पंप मोठा झाला असेल तर इम्पेलर (पंपातलं फिरतं चाक) छाटून घ्या किंवा वेग कमी करा.

बेंडनंतर पाण्यात दोन जुळे भोवरे तयार होतात आणि आलटून पालटून एकेक वरचढ होतो. आपल्या लाइनमध्ये याचा काळ साधारण एक-दोन सेकंद. वेगवेगळ्या दिशांचे दोन बेंड पाठोपाठ असतील तर पाणी पिळासारखं फिरत जातं आणि तो पीळ पन्नास व्यासांपर्यंतही पुरतो. फ्लोमीटर अशा ठिकाणी बसवला असेल तर तो कितीही चांगला असो, त्याच्याकडून स्थिर आकडा मिळणार नाही. जागा बदलणं किंवा फ्लो स्ट्रेटनर बसवणं हाच उपाय.

पंप एकाच लहान प्लॉटला पाणी देत असेल, म्हणजे क्षमतेच्या पाव-तिसऱ्या हिश्शावर चालत असेल, तर इम्पेलरच्या तोंडाशी पाणी उलट फिरतं आणि खोल घूं-घूं आवाजासोबत दाब वरखाली होतो. आणखी दोन प्लॉटचे व्हॉल्व्ह उघडून बघा. आवाज थांबला तर प्लॉट एकत्र करून पाणी द्या. खडी भरडल्यासारखा कडकड आवाज आला तर मात्र ते कॅव्हिटेशन आहे, म्हणजे कमी दाबामुळे पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटताहेत. तिथे सक्शनची उंची आणि तुंबलेली जाळी बघा.

आणि मग डॅम्पिंग

इथपर्यंत सगळं तपासून झालं, जो उरला तो खरोखर प्रवाहाचा स्वतःचा गोंधळ आहे, तर सरासरी घेण्यात काही गैर नाही. फक्त किती वेळाची घ्यायची ते मोजून ठरवा. नळीच्या मधोमध एका बिंदूवर वेग मोजणारा प्रोब असेल तर तिथे वेग ५ टक्क्यांनी हलतो असं धरू, आणि आपल्या लाइनमध्ये त्याची स्मृती अंदाजे ०.२ सेकंदांची असते. ४० सेकंदांची सरासरी घेतली तर चूक अर्ध्या टक्क्यावर येते. ती पाव टक्क्यावर आणायला १६० सेकंद लागतात, कारण चूक निम्मी करायची तर वेळ चौपट द्यावा लागतो.

याच नियमाची उलटी बाजू निदानाला फार कामाची आहे. एकेका मिनिटाच्या सरासऱ्या वीस-पंचवीस काढा आणि त्या आपसांत किती पसरल्या आहेत ते बघा. मग चार-चार मिनिटांच्या काढा. पसारा निम्मा झाला तर गोंधळ टर्ब्युलन्ससारखा, स्वतःला विसरणारा आहे. पसारा जवळजवळ तेवढाच राहिला, तर काहीतरी संथपणे सरकतंय आणि सरासरी लांबवून ते जाणार नाही. इलेक्ट्रॉनिक उपकरणांतही असा गोंधळ असतो, जे. बी. जॉन्सन यांना तो १९२५ मध्ये व्हॅक्यूम ट्यूबमध्ये सापडला. वारंवारिता जितकी कमी तितका तो मोठा, म्हणून जितका वेळ नोंद घ्याल तितका आकडा दूर भटकत जातो. तिथे नियमाने शून्य तपासत राहणं हाच मार्ग.

डॅम्पिंग दिलंच तर ते फक्त दिसणाऱ्या आकड्याला द्या. लॉगरमध्ये कच्ची नोंद ठेवा. लाइन फुटल्याची पहिली खूण कच्च्या नोंदीतच दिसते, तीस सेकंदांच्या डॅम्पिंगमध्ये ती विरून जाते.

ठिबकच्या नळीतला वेगळा हेलकावा

ड्रिपर तपासण्यासाठी १६ मिमीच्या साध्या नळीवर चाचणी घेणाऱ्यांना एक निराळाच प्रकार भेटतो. तासाला ७० लिटर पाणी सोडलं आहे, हवा नाही, पंप नाही, वर ठेवलेल्या टाकीतून पाणी येतंय, आणि तरी नळीच्या टोकाची पाण्याची पातळी मिनिटामिनिटाने दोन-तीन सेंटिमीटर वरखाली होते. इथे मात्र दोष खरोखर प्रवाहाचाच आहे, आणि त्याला ऊन हातभार लावतं.

१६ मिमी नळीचा आतला व्यास १३.६ मिमी धरला तर तासाला ७० लिटरला पाण्याचा वेग सेकंदाला साडेतेरा सेंटिमीटर येतो. सकाळी पाणी २५ अंशांवर असताना रेनॉल्ड्स अंक २०५० च्या आसपास. काळी नळी मे महिन्याच्या उन्हात पडून आतलं पाणी ४५ अंशांवर गेलं की चिकटाई उतरते आणि त्याच पाण्याला अंक ३०५० होतो. नळीतला टर्ब्युलन्स स्वतःच्या बळावर टिकायला कुठे सुरुवात होते, याचा आकडा २०११ मध्ये सुमारे २०४० असा निश्चित झाला. म्हणजे आपली चाचणी नेमकी उंबरठ्यावर सुरू होते आणि दुपारपर्यंत उंबरठा ओलांडून जाते. या पट्ट्यात प्रवाह धड शांत नसतो, धड घुसळलेला नसतो. शांत पाण्यात घुसळलेल्या पाण्याचे वीस-तीस व्यास लांबीचे तुकडे मधे मधे वाहत जातात. घुसळलेल्या तुकड्यात घर्षण जास्त. नळीत तुकडे जास्त असले की दाब जास्त खर्च होतो, कमी असले की कमी. ३० मीटर नळी पूर्ण शांत असताना आणि पूर्ण घुसळलेली असताना यांच्यात दाबाचा फरक तीन-चार सेंटिमीटर पाण्याचा पडतो. एक तुकडा ३० मीटर पार करायला साडेतीन-चार मिनिटं घेतो, म्हणून हेलकावाही मिनिटांचा.

उपाय अवघड नाही. पाणी वाढवून अंक ४००० च्या पुढे न्या किंवा कमी करून १८०० च्या आत आणा. मधल्या पट्ट्यात चाचणी घेऊच नका. नळीच्या सुरुवातीला धारदार कड किंवा अर्धवट कॉक नको, तिथेच तुकडे जन्मतात. नळी सावलीत ठेवा आणि प्रत्येक नोंदीसमोर पाण्याचं तापमान लिहा. दोन दिवसांचे आकडे जुळत नाहीत म्हणून ड्रिपर बदलायला निघालात, तर आधी त्या रकान्यात सकाळ आहे की दुपार ते बघा.